हंगामाचा टाका

९ डिसेंबर, सकाळचे आठ. आप्पांच्या ट्रकचा मागचा डावा पाटा सोडवायचा, दोन्ही टोकांचे बुश बदलायचे, पाटा परत चढवायचा आणि संध्याकाळी गाडी न्हावऱ्याला रवाना करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं पासिंग होतं, म्हणजे आरटीओची तपासणी. दुकानातल्या फळ्यावर मी खडूनं काम लिहिलं आणि पुढं वेळ लिहिली : चार तास.

चार तासांचं काम चार तासांत होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी जाम झालेली पिन कधी काढलेली नाही. मी पंचवीस वर्षं काढते आहे, तरी त्या दिवशी मला तसं वाटलं होतं.

ज्यांचा ट्रकशी संबंध फक्त ओव्हरटेक करण्यापुरता येतो, त्यांच्यासाठी थोडं सांगते. ट्रकचं वजन चाकांवर थेट बसत नाही. मध्ये पोलादी पट्ट्यांचा एक जुडगा असतो, एकावर एक रचलेला, मधे वाकलेला. त्याला आम्ही पाटा म्हणतो. पाट्याचं टोक गोल वळवलेलं असतं, तो डोळा. हा डोळा एका जाड ब्रॅकेटमध्ये बसतो, आणि दोघांतून आरपार एक पिन जाते, दोन बोटं जाड, वीतभर लांब. दाराची बिजागरी आठवा, तसंच. फरक इतकाच की या बिजागरीवर दहा-बारा टन ऊस असतो आणि दार रोज खड्ड्यांतून पळत असतं. पिनेनं डोळ्याला घासू नये म्हणून डोळ्यात एक पितळी नळी ठोकून बसवतात. तो बुश. त्यानं झिजायचं आणि बाकीच्यांनी टिकायचं, एवढंच त्याचं काम. घरोघरी असं एक माणूस असतं.

बुश झिजला की गाडी डुलते. गतिरोधकावर खाडकन वाजते, ब्रेक मारला की मागचं चाक बाजूला सरकू बघतं. आप्पांची गाडी आठवड्यापूर्वी पासिंगला गेली तेव्हा तिथल्या साहेबांनी पाट्याखाली पहार घालून वर उचललं. खाड असा आवाज आला. साहेबांनी कागदावर फुली मारली आणि दहा तारखेला परत यायला सांगितलं.

आप्पा बासष्ट वर्षांचे. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, आप्पांनी ती विकून आधी शेत केलं आणि मग ही गाडी घेतली. गाडी अठरा वर्षांची, आणि या अठरा वर्षांत दुसऱ्या कोणी ती चालवलेली नाही. मुलगा दत्ता शिक्रापूरला कंपनीत कामाला. त्याला वाटायचं, बापानं आता पुरे करावं. बापाला तसं वाटत नव्हतं. शेवटी दोघांत ठरलं होतं : या वेळी पासिंग झालं तर आणखी एक वर्ष आप्पा गाडी चालवणार. नाही झालं तर गाडी भंगारात आणि आप्पा घरी. दत्तानं भंगारवाल्याला फोनही करून ठेवला होता.

हे मला आप्पांनीच सांगितलं, गाडी आत घेता घेता, खिडकीतून. "वहिनी, आज माझं आन् गाडीचं दोघांचं बी पासिंग तुमच्या हातात हाय बगा."

"आप्पा, मी फक्त बुश बदलते," मी म्हटलं. "तुमचं काय ते उद्या साहेब बघतील."

माझ्याबद्दल थोडक्यात. माझं सासर दौंडचं. सासऱ्यांचं पाट्याचं दुकान होतं. ऐन उसाच्या हंगामात नवऱ्याच्या मणक्याची गादी सरकली, दारात गाड्यांची रांग, म्हणून मी घण उचलला. नवऱ्याची पाठ पुढं बरी झाली, पण तोवर मला घणाची सवय झाली होती आणि त्याला सुटे भाग आणायला पुण्याला जायची. सहा वर्षांपूर्वी दौंडचं दुकान दिराकडं दिलं आणि आम्ही शिरूरला न्हावरे रस्त्याला आलो. माझ्याबरोबर रफिकभाई आले. ते सासऱ्यांच्या वेळचे फिटर, वयानं माझ्याहून मोठे, बोलण्यात माझ्याहून तिखट. बाकी माझ्या कारकिर्दीत तारखा सांगण्यासारखं काही नाही.

सुरुवातीला गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी म्हणायची, "बोला." मग तो इकडंतिकडं बघायचा. एक जण तर अर्धा तास बाकावर मिस्त्रीची वाट बघत बसला होता. तोवर मी त्याच्या गाडीचा पाटा उतरवला. उठताना म्हणाला, "बाई, तुमच्यात मिस्त्री कवा येतात?" रफिकभाई म्हणाले, "आले की मामा. आन् तुमचं काम करून गेले बी."

तर आप्पांची गाडी. चेसिस जॅकवर उचलली, खाली दोन लोखंडी घोड्या लावल्या, पाट्यावरचा भार काढला. हे महत्त्वाचं. पाटा वर दाबलेला नको आणि खाली ओढलेलाही नको. नाहीतर पिन चिमटीत सापडते आणि मग ती देवाचंही ऐकत नाही. मागची पिन वीस मिनिटांत आली. आम्ही खूष झालो. तिथंच चुकलो.

पुढची पिन हलेना. कुलुपाचा बोल्ट काढला. सांध्यावर पातळ तेल मारलं, अर्धा तास थांबलो. पिनेच्या बाहेरच्या तोंडाला आटे असतात, त्यात पुलर अडकवून ओढली. पिन जागची हलली नाही, आटे मात्र बाहेर आले. मग घण. आतल्या अंगानं पिनेवर सुंभा टेकवायचा, म्हणजे पोलादी दांडा, तो मी सांडशीत धरायचा आणि रफिकभाईंनी मारायचं. ब्रॅकेटच्या दुसऱ्या अंगाला लोखंडी ठोकळ्याचा ठेका लावला होता.

आप्पा बाजूला उभे. दर घावाला त्यांचे डोळे मिटत होते.

"आप्पा, ग्रीस कधी मारलं होतं याला?" मी विचारलं.

"दर सोमवारी मारतो की वो."

"कुठल्या सोमवारी?"

"आता कुठल्या म्हंजी? समद्याच."

"तुमचा सोमवारचा उपास आसंल," रफिकभाई म्हणाले. "पाट्याला बी घडतोय."

"आरं हसू नगंस. म्या ग्रीसची गन लावतो, पर आतच जात न्हाई. गन दाबली की समदं परत हातावर येतं. त्याला म्या काय करू?"

"निप्पल पुसून लावता का?" मी विचारलं. निप्पल म्हणजे ग्रीस आत घालायचं पिनेवरचं बोंड.

"पुसतो की. ह्या धोतरानं पुसतो."

"म्हणूनच जात नसेल," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो. आप्पा हसले नाहीत. "ग्रीस मारणाऱ्याची पिन अशी नसते, आप्पा. पिन खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी जाम पिनेच्या प्रत्येक मालकाला ऐकवते. बहुतेक वेळा ते खरंही असतं. एकदा दसऱ्याला रंगवलेला एक ट्रक आला होता. काय रंग, काय वेलबुट्टी! पेंटरनं हौसेनं ग्रीसच्या प्रत्येक निप्पलभोवती पिवळ्या पाकळ्या काढल्या होत्या आणि मधोमध, जिथून ग्रीस जातं तिथंच, लाल गंधाचा थेंब दिला होता. मालक सांगत होता, गेले वर्षभर ग्रीस मारतोय. तो वर्षभर फुलांना ग्रीस लावत होता. त्याच्यापुढं आप्पांचं धोतर काहीच नाही, असं त्या सकाळी मी मनात म्हटलं.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. पिनेचं तोंड घणाखाली फुलायला लागलं. हे वाईट लक्षण. फुललेलं तोंड ब्रॅकेटच्या भोकातून जात नाही, मग ते घासून काढावं लागतं. आणि खरी काळजी पिनेची नव्हतीच. पिन बाजारात मिळते. ब्रॅकेट मिळत नाही. या जुन्या मॉडेलचा ब्रॅकेट आता कोणी बनवत नाही, आणि तो चेसिसला रिबिटांनी पक्का असतो. त्याला चीर गेली तर वेल्डिंग करून भागत नाही. पासिंगचा साहेब चेसिसच्या ब्रॅकेटवर वेल्डिंग दिसलं की गाडी परत पाठवतो, आणि बरोबरच करतो. म्हणजे आमच्या घणाखाली नुसती पिन नव्हती.

असा एक ब्रॅकेट मी तोडलेला आहे. दौंडला, एका टिपरचा. ठेका न लावता मारत होते. तडक असा आवाज आला आणि ब्रॅकेटचा कान खाली पडला. मालकानं वाकून तो तुकडा उचलला, हातात फिरवून बघितला आणि खिशात घातला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी ठेका लावल्याशिवाय घण उचलू देत नाही.

साडेबाराला दत्ताचा फोन आला. आप्पांनी स्पीकरवर टाकला, कारण त्यांना फोन कानाला लावला की ऐकू येत नाही.

"आप्पा, झालं का?"

"व्हतंय. पिन जरा आडून बसलीय."

"मंग राहू द्या ना. कशाला त्या वहिनींना बी ताप? मी त्या भंगारवाल्याला उद्या दुपारी बोलावतो."

"आरं, पासिंग सकाळी हाय. तू दुपारचं का आत्ताच सांगतोस?"

"तुमचं गुडघं दुखत्यात म्हणून सांगतो."

"गुडघं माझं दुखत्यात, गाडीचं न्हाईत," आप्पा म्हणाले आणि फोन बंद करायला गेले. त्यांना तो बंद करता येईना. रफिकभाईंनी केला.

मुलगा वाईट नव्हता. मला त्याचंही पटत होतं. पण माझ्या दुकानात आलेली गाडी भंगारात जाणार असेल तर ती पासिंगच्या साहेबामुळं जावी. माझ्यामुळं नको.

जेवून परत लागलो. दोनच्या सुमारास रफिकभाईंनी घण खाली ठेवला. कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ताई, आवाज आयका."

"काय झालं?"

"जाम पिनेचा आवाज बसका येतो. पोत्यावर मारल्यावानी. ही घंटेवानी वाजतीय."

त्यांनी हातोडीनं हलकेच ठोकून दाखवलं. टण्. खरोखर घंटेसारखा. पिन आणि ब्रॅकेट वेगळे असतील तर असा आवाज येत नाही. दोन्ही मिळून एकच लोखंड असेल तरच येतो.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे, सासऱ्यांनी घालून दिलेला : आधी पुसा, मग बघा, मग मारा. मोटरसायकलचा एक जुना आरसा आम्ही दांड्यासकट ठेवला आहे. ब्रॅकेटचं आतलं अंग डिझेलच्या टाकीआड असतं, डोकं तिथवर जात नाही, म्हणून आरसा घालून बघायचं. त्या दिवशी मी पुसलं होतं वरवर, आणि बघितलंच नव्हतं. घाई होती. सकाळपासून साडेतीन-चार तास मारलं होतं मात्र.

तारेच्या ब्रशनं आतली माती आणि जळकं ऑईल खरवडलं. बोटभर थर निघाला. मग आरसा घातला, बॅटरी मारली.

पिनेच्या कडेला, ब्रॅकेटला धरून, वेल्डिंगचे तीन ठिपके होते.

प्रत्येक वेल्डरचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. आमच्या भागात बहुतेक जण टाका मारतात तो एका रेघेत, ओघळ आल्यासारखा. तीन सुटे ठिपके, मधे ग्राइंडरची चकती जाईल एवढी जागा सोडून, हे फक्त आमच्या दौंडच्या दुकानात. सासरे म्हणायचे, आज मारतोस तो टाका उद्या कुणाला तरी कापायचा असतो, त्याला जागा ठेव. ठिपके कसे आहेत ते मी आणखी नीट बघितलं. डावीकडून उजवीकडं बारीक होत गेलेले. दीर डावरा आहे, त्याचे उलट होतात. रफिकभाई वेल्डिंगला हात लावत नाहीत.

म्हणजे ते माझे होते.

हळूहळू आठवलं. सात वर्षांपूर्वी, कारखान्याच्या फाटकासमोरची रांग. आप्पांची गाडी उसानं भरलेली, आणि पिन भोकात सैल होऊन बाहेर सरकत होती. आणखी दोन मैल गेली असती तर निघून पडली असती. रांगेतून गाडी काढली तर नंबर जाणार, ऊस वाळणार. अशा वेळी आमच्याकडं हंगामाचा टाका मारतात. पिन आत ठोकायची आणि ब्रॅकेटला वेल्डिंगनं धरून ठेवायची. हे काम चुकीचं आहे हे मारणाऱ्यालाही माहीत असतं आणि मारून घेणाऱ्यालाही. म्हणून ठरलेलं असतं की कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की गाडी घेऊन यायचं, टाका कापायचा आणि नवीन पिन-बुश नीट बसवायचे. मी यंत्र टेम्पोत घालून फाटकावर गेले होते, खाली उसाच्या पाचटावर झोपून तीन टाके मारले होते आणि आप्पांना सांगितलं होतं, पट्टा पडला की या.

पट्टा पडला, आप्पा आले नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही शिरूरला आलो. मी विसरले.

मी गाडीखालून बाहेर आले. "आप्पा, त्या पिनेला टाके आहेत. माझे आहेत."

आप्पांनी थोडा विचार केला. "फाटकावरचे?"

"हो."

"मंग त्यात काय? तवा तुम्ही टाकं मारलं म्हणून ऊस गेला. तुम्ही बोलावलं व्हतं मला. म्याच आलो न्हाई."

"आलो न्हाई ते न्हाई," रफिकभाई म्हणाले, "पर सकाळधरनं माझा खांदा कुणामुळं गेला, ते ठरवा की आधी."

खांद्याचं नंतर ठरवू म्हटलं. टाकीवर ओली पोती टाकली, ब्रेकच्या नळीला ओलं फडकं गुंडाळलं, आणि छोटी चकती लावून तीन ठिपके घासून काढले. मधली जागा सोडलेली होती म्हणून ब्रॅकेटला ओरखडाही न लागता निघाले. मग गॅसची ज्योत लावली, पिनेला नाही, ब्रॅकेटला. तापवायचं ते भोक. पिन तापवली तर तीच फुगते आणि आणखी घट्ट बसते. नवशिके इथंच फसतात. लोखंडाचा काळा रंग जरासा बदलतोय असं दिसलं की ज्योत मागं घ्यायची आणि सांध्याला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून फटीत शिरतं. थोडं थंड झालं की पिनेला मोठा पाना लावून आधी फिरवायची. ओढायची नाही, फिरवायची. फिरली तर येते.

पहिल्यांदा नाही फिरली. दुसऱ्यांदा तापवली, मेण दिलं. रफिकभाईंनी पान्यावर भार टाकला. कर्र असा आवाज झाला.

"फिरली," ते म्हणाले. मोठ्यानं नाही.

त्यानंतर दहा घावांत पिन बाहेर आली. चार वाजून गेले होते.

मी ती हातात घेतली आणि फडक्यानं पुसली. पिनेच्या पोटातून ग्रीसची वाट असते, निप्पलपासून आत जाते आणि मधोमध एका भोकातून बाहेर पडते. ते भोक नेहमी वर हवं. गाडीचा भार पिनेच्या खालच्या अंगावर येतो. भोक खाली आलं तर बुश त्याच्यावर दाबून बसतो, वाट बंद होते. म्हणून पिनेच्या तोंडावर एक खाच असते. खाच वर, म्हणजे भोक वर. हे पहिल्या दिवशी शिकवतात.

पिनेवरच्या टाक्यांच्या खुणा ब्रॅकेटवरच्या खुणांशी जुळवून, पिन आधी जशी बसली होती तशी धरून बघितली. खाच खाली होती.

फाटकावर, घाईत, पिन कशी बसली आहे ते न बघता मी तिला तशीच कायमची धरून टाकली होती. सात वर्षं आप्पा दर सोमवारी निप्पल पुसत होते, गन लावत होते, आणि ग्रीस त्यांच्या हातावर परत येत होतं. भोकात अजून जुनं ग्रीस होतं, सुकून दगड झालेलं. आप्पांनी भरलेलंच होतं ते.

"आप्पा, हे बघा." मी त्यांना खाच दाखवली, भोक दाखवलं. "तुम्ही ग्रीस मारत होता. खरंच मारत होता. मी पिन उलटी बसवली होती. सकाळपासून मी तुम्हाला खोटं पाडलं, ते चुकलं माझं."

आप्पांनी पिन घेतली, उन्हात धरली, भोकात काडी घालून बघितली. मग रफिकभाईंकडं वळले.

"काय रं, उपास कुणाचा व्हता?"

"आमच्या ताईंचा, आप्पा," रफिकभाई म्हणाले. "सात वरसांचा कडक."

पण अजून संपलं नव्हतं. टाके मारलेल्या पिनेवर आम्ही चार तास घण घातला होता, म्हणजे तो सगळा मार थेट ब्रॅकेटनं खाल्ला होता. वरून तापवला होता. चीर डोळ्यांना दिसत नाही. ती बघायची एक जुनी रीत आहे, सासरे दौंडच्या एका रेल्वे फिटरकडून शिकलेले. ब्रॅकेट स्वच्छ पुसायचा, रॉकेल चोपडायचं, थोडं मुरू द्यायचं. मग कोरड्या फडक्यानं पुसून वर खडूची पूड लावायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटते. नसेल तर खडू पांढरा राहतो. दहा मिनिटं थांबायचं. यात हुशारी काही नाही, फक्त थांबायचं.

आप्पांना मी सांगितलं, "रेघ आली तर मी ही गाडी उद्या पाठवणार नाही. तुम्ही म्हणालात तरी नाही."

"व्हय," ते म्हणाले आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

खडू लावला. तीन-चार मिनिटांत खालच्या रिबिटाशेजारी काळपट डाग आला. मग तो लांबला.

रफिकभाईंनी माझ्याकडं बघितलं. टिपरचा तो माणूस आठवला, तुकडा खिशात घालणारा. आप्पांची पाठ आमच्याकडं होती. म्हटलं, सांगायचं तर पक्कं करून सांगू. रिबिटाच्या टोपीखालीसुद्धा फट असते, तिथं साठलेलं रॉकेलही ओघळतं. रिबिटाभोवतीचं सगळं पुसलं, टोपीच्या कडेला कोरडी पूड दाबून भरली, सगळं वाळू दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. रॉकेल, थांबणं, पुसणं, खडू. या वेळी मी घड्याळ लावलं. दहाच्या ऐवजी पंधरा मिनिटं.

पांढरा राहिला. रिबिटापाशी, कानापाशी, भोकाच्या कडेला, सगळीकडं पांढरा.

"आप्पा, वळा इकडं," मी म्हटलं. "काही झालेलं नाही."

ते आले, वाकले, ब्रॅकेटकडं बराच वेळ बघितलं. बोटानं थोडा खडू पुसला, परत बघितलं. मग तिथंच गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले. "चा सांगा कुणीतरी," म्हणाले. माझे हात कोपरापर्यंत काळे होते आणि मला एकदम खूप भूक लागली. चहाबरोबर आम्ही तिघांनी मिळून बिस्किटांचे दोन पुडे संपवले.

उरलेलं काम सोपं, दोन्ही टोकांना सारखंच. जुना बुश कापून काढला, खालच्या अंगाला तो कागदासारखा पातळ झाला होता. नवीन बुश प्रेसवर दाबून बसवला, नवीन पिन घातली, खाच वर. रफिकभाईंनी बघितली, मी बघितली, आप्पांना वाकवून दाखवली. मग आप्पांच्या हातात ग्रीसगन दिली. त्यांनी दाबली. पाच दाबांत दोन्ही कडांनी पिवळं ग्रीस बाहेर आलं, सारखं, गोल.

"गेलं की वो आत!" आप्पा म्हणाले. सात वर्षांनी गेलं होतं. त्यांनी आणखी दहा वेळा दाबली. ग्रीस महाग आहे, पण मी दाबू दिलं. दिवस मावळून अंधार पडल्यावर गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊच्या एसटीनं दौंडला दिराकडं निघाले. रफिकभाईंना दुकान उघडायला सांगितलं. नवरा म्हणाला, "फोन करून सांग की त्याला." म्हटलं, हे फोनवर सांगायचं काम नाही. हंगाम सुरू होता आणि दौंडच्या दुकानात टाके मारणं चालूच असणार होतं.

भीमेचा पूल ओलांडून थोडं पुढं गेल्यावर आप्पांचा फोन आला. एसटीत मागं कुणाचं तरी करडू ओरडत होतं, त्यामुळं दोनदा विचारावं लागलं.

"झालं म्हणतो, झालं! सायबानं पहार घातली, हलवलं, परत हलवलं. आवाजच न्हाई. मला म्हनाला, नवीन घातलंय व्हय. म्हटलं, व्हय."

"दत्ताला सांगितलं का?"

"तो हितंच हाय. सुट्टी टाकून आला व्हता. भंगारवाल्याला न्हाई म्हनून सांगतोय. गाडी मी चालवत नेतो म्हनला, तर क्लच सोडताना दोनदा बंद पाडली."

फोन ठेवला आणि दौंडपर्यंत मी छान झोपले.

दुकानासमोर उसाच्या दोन गाड्या उभ्या होत्या. दीर एकीच्या खाली झोपला होता, हातात वेल्डिंगचा होल्डर, डोळ्यांवर काच ओढण्याच्या बेतात. माझे पाय दिसले तसा बाहेर सरकला.

"वहिनी? आज इकडं कशा?"

"टाका मारतोस?"

"मंग काय करू? भरलेली हाय, नंबर लागलाय."

"पिनेची खाच कुठं आहे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पिनेकडं. "ते कुठं बघतं कुणी टाक्याच्या वेळी? तुम्हीच शिकवलंय मला, फाटकावर. ठोकायची आन् धरायची."

खरं होतं. मीच शिकवलं होतं.

मी पदर खोचला, पोतं अंथरलं आणि गाडीखाली गेले. अंगठ्यानं चाचपून बघितलं. खाच खाली होती. दोघांनी मिळून पिन पान्यानं फिरवली आणि खाच वर आणली. मग त्याच्या रंगाच्या डब्यातला ब्रश घेऊन ब्रॅकेटवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं : 'आत टाका आहे, कापून पिन काढा.' मालकाला खाली बोलावून ते वाचून दाखवलं आणि त्याचा मोबाइल नंबर दुकानाच्या भिंतीवर लिहून घेतला, पट्टा पडला की आपण फोन करायचा म्हणून.

मग बाजूला सरकले आणि दिराला म्हटलं, "मार आता."